वातापीच्या गावी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मंडळी बदामीला जातात ती बहुधा बनशंकरीसाठी. आपल्याकडच्या कितीतरी घरांची ती कुलदेवता. मराठी बोलणाऱ्या घरांची आणि कन्नड बोलणाऱ्या घरांचीही. देवीची ओटी भरायची, हरिद्रातीर्थाचे पाणी डोळ्यांना लावायचे आणि परतताना वेळ उरलाच तर पाच किलोमीटरवरच्या बदामीत जाऊन लेणी तेवढी 'बघून घ्यायची', असा आपला रिवाज. माकडांपासून हातातली पिशवी सांभाळत पायऱ्या चढायच्या, अठरा हातांच्या नटराजासमोर फोटो काढायचा आणि दिवेलागणीच्या आत गाडीत बसायचे.

पण या गावाला एक दिवस तरी निवांत द्यावा. कारण ते राक्षसाच्या नावाचे गाव आहे. गावांना देवांची नावे असतात, राजांची असतात, झाडापेडांची असतात. बदामीला मात्र वातापीचे नाव मिळाले. वातापी, मग बादावी, मग बदामी. हा वातापी इथे राज्य करून मोठा झाला म्हणून नव्हे, तर स्वतःच्याच युक्तीत सापडून मेला म्हणून लोकांच्या लक्षात राहिला.

जत्रेची गर्दी ओसरल्यावर आम्ही निघालो. बनशंकरीची जत्रा पौष पौर्णिमेला. त्यानंतरही काही दिवस दुकाने आणि नाटकांचे तंबू हलत नाहीत. म्हणून थोडे थांबून गेलो. बरोबर माझ्या सासूबाई होत्या. त्यांचे माहेर बागलकोटकडचे, म्हणून घरात सगळे त्यांना 'अव्वा' म्हणतात. मराठी घरात पन्नास वर्षे काढली, तरी अव्वांचे हिशेब आणि शिव्या कन्नडमध्ये आणि देवपूजा मराठीत, ही वाटणी अजून कायम आहे. रामदुर्गाच्या वाटेने गेलो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, काढणीला आलेली ज्वारी, मध्येच मलप्रभेच्या पाण्यावरचा ऊस. मग हळूहळू काळा रंग मागे पडतो, माती तांबूस होत जाते आणि एकदम लाल दगडाचे डोंगर समोर उभे राहतात.

बदामीत दोन डोंगर समोरासमोर आहेत. दक्षिणेच्या डोंगरात लेणी, उत्तरेच्या डोंगरावर किल्ला आणि शिवालये. मधल्या खोलगट जागेत तळे, त्याचे नाव अगस्त्यतीर्थ. तळ्याच्या पूर्व टोकाला, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखे भूतनाथाचे देऊळ. पश्चिमेच्या घाटावर बायका धुणे आपटतात आणि तो आवाज डोंगरावर आपटून दुप्पट होऊन परत येतो. गावातली माणसे सांगतात, हे दोन डोंगर म्हणजे ते दोघे राक्षस भाऊ, इल्वल आणि वातापी. आणि मधले पाणी अगस्तीचे. घाटाच्या पायरीवर बसून अव्वांनी माझ्या मुलीला ती गोष्ट सांगितली. ती तुमच्याही घरात सांगितली जात असेल. आपल्याकडे जेवण झाल्यावर पोटावरून हात फिरवत ज्या पाच जणांचे स्मरण करायची जुनी रीत होती, त्यांत पहिला अगस्ती आणि शेवटचा भीम. कन्नड घरांत तान्ह्या बाळाला पाजल्यावर पोट चोळत 'वातापीसारखे जिरून जाऊ दे' अशा अर्थाचे काही पुटपुटतात. म्हणजे हा राक्षस दोन्ही भाषांच्या स्वयंपाकघरांत अजून रोज मरतो आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. इल्वल थोरला, वातापी धाकटा. वातापी बोकडाचे रूप घेई. इल्वल त्याला मारून त्याचे मांस शिजवी आणि ब्राह्मणांना श्राद्धाला बोलावून वाढी. जेवण आटोपले की हाक मारी, 'वातापी, बाहेर ये!' इल्वलाला अशी विद्या होती की त्याने हाक मारली की मेलेला माणूस सदेह परत येई. वातापी खाणाऱ्याचे पोट फाडून हसत हसत बाहेर येई. रामायणात अरण्यकांडात ही कथा येते. तिथे एक लहानसा तपशील आहे, जो मला फार बोलका वाटतो: इल्वल ब्राह्मणाचा वेष घेई आणि संस्कृत बोलून आमंत्रण देई. म्हणजे ज्याला फसवायचे त्याची भाषा, त्याचा वेष आणि त्याचेच धर्मकार्य. फसवणारा परक्या भाषेत फसवत नाही, ही गोष्ट आपल्यासारख्या दोन भाषांत राहणाऱ्यांनी तरी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

महाभारतात, वनपर्वात, हीच कथा अधिक विस्ताराने येते आणि तिची सुरुवात एका घरगुती मागणीने होते. अगस्तीची बायको लोपामुद्रा ही विदर्भाची राजकन्या. तिने नवऱ्याला सांगितले, की संसार करायचा तर माझ्या माहेरी होते तसे अंथरूण, तसे दागिने हवेत. आणि तुमच्या तपाला धक्का न लावता हवेत. ऋषी धन मागायला निघाले. श्रुतर्वा, ब्रध्नश्व आणि त्रसदस्यू अशा तीन राजांकडे गेले. प्रत्येकाने काय केले? आपला जमाखर्च त्यांच्यापुढे ठेवला. अगस्तीने पाहिले तर जमा आणि खर्च समसमान. यातून काही घेतले तर प्रजेला त्रास होणार, म्हणून त्यांनी काहीच घेतले नाही. मग तिन्ही राजे म्हणाले, की शिल्लक धन असेल ते एकट्या इल्वलाकडे. आणि चौघे मिळून तिकडे गेले.

या कथेत इल्वलाच्या नगराचे नाव मणिमती आहे, बदामी नाही. पण वातापी हे नाव या गावाला चिकटले आणि लोकांनी अगस्तीला या तळ्याकाठी आणून बसवले. लोकांचा भूगोल पोथीच्या भूगोलापेक्षा हट्टी असतो.

इल्वलाने पाहुण्यांना वेशीवर सामोरे जाऊन आणले. वातापीला शिजवले. ते पाहून तिन्ही राजांचे तोंड उतरले. ते काय आहे हे त्यांना ठाऊक होते. अगस्ती म्हणाले, तुम्ही घाबरू नका, हे मी एकटा खातो. आणि ते जाऊन पंक्तीतल्या पहिल्या पाटावर बसले. इल्वलाने हसत हसत वाढले. त्यांनी सगळे संपवले. इल्वलाने हाक मारली. कोणी आले नाही. त्याने पुन्हा हाक मारली. अगस्ती हसून म्हणाले, तो कुठून येणार? तो जिरला.

माझी मुलगी खूश होऊन टाळ्या वाजवायला लागली. अव्वांनी मात्र तिला एक प्रश्न विचारला, 'वातापीला कोणी मारलं?' मुलगी म्हणाली, 'अगस्तीनं.' अव्वा म्हणाल्या, 'अगस्तीच्या हातात काय होतं? ना तलवार, ना धनुष्य. त्याला कापला भावानं, शिजवला भावानं, वाढला भावानं. अगस्ती नुसता जेवला.' आणि मग त्यांची लाडकी कन्नड म्हण आली, 'माडिद्दुण्णो महाराया.' केलंस ना, मग आता खा महाराजा. मराठीत आपण 'करावे तसे भरावे' म्हणतो. कन्नडमध्ये भरायचे नाही, खायचे आहे. या गोष्टीला कन्नड म्हणच जास्त लागू पडते.

पुढे लेण्यांत गेलो. चार लेणी, पहिले शिवाचे, दुसरे आणि तिसरे विष्णूचे, चौथे जैनांचे. तिसरे सर्वांत मोठे. शेषावर ऐटीत बसलेला विष्णू, त्रिविक्रम, नरसिंह, वराह. एकेक मूर्ती माणसाच्या दुप्पट-अडीचपट. हे लेणे चालुक्य राजघराण्यातल्या मंगलेशाने कोरवले. व्हरांड्यातल्या संस्कृत लेखावर शक 500 हे साल आहे, म्हणजे इ.स. 578. बहुतेक लेण्यांचा काळ अभ्यासक अंदाजाने ठरवतात. इथे साल दगडावरच आहे. तेव्हा मंगलेशाचा थोरला भाऊ कीर्तिवर्मा गादीवर होता. लेखात मंगलेश म्हणतो, की या कामाचे पुण्य माझ्या थोरल्या भावाला मिळो आणि भावाची सेवा केल्याचे फळ तेवढे मला मिळो. लक्ष्मण-भरताच्या तोंडी शोभावे असे हे बोलणे आहे.

तिथेच त्याचा एक छोटा कन्नड लेखही आहे, अगदी जुन्या कन्नड लेखांपैकी एक. या लेण्याला त्यात 'कल्मने' म्हटले आहे. कल्लु म्हणजे दगड, मने म्हणजे घर. दगडाचे घर. चौदाशे वर्षांपूर्वीचा हा शब्द आपल्या घरातले पोरसुद्धा फोडून सांगेल, याचा मला मोठा आनंद झाला. देवाला आणि देवाच्या माळा करणाऱ्यांना दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे, आणि शेवटी हे दान जो मोडील तो पंचमहापातकी होवो, सातव्या नरकातला किडा होवो, असा शाप आहे. दिलेला शब्द मोडू नये, ठेव बुडवू नये, याची एवढी काळजी करणारा हा माणूस.

आता याच माणसाची पुढची हकिकत वाचायला बदामीहून पस्तीसेक किलोमीटरवर ऐहोळेला जावे लागते. ऐहोळेत लोक दुर्ग मंदिर पाहतात आणि परततात. पण गावाशेजारच्या टेकडीवर मेगुती नावाचे जैन मंदिर आहे. पायऱ्या थोड्या आहेत, मात्र ऊन फार, सकाळीच चढावे. अव्वा निम्म्यावर बसल्या आणि 'वाचून ये, मला सांग' म्हणाल्या. मंदिराच्या पूर्वेकडच्या भिंतीत एक शिळालेख आहे. शक 556, म्हणजे इ.स. 634 चा. तो रचला रविकीर्तीने, सम्राट दुसऱ्या पुलकेशीच्या पदरच्या कवीने. शेवटी त्याने स्वतःची तुलना कालिदास आणि भारवीशी केली आहे. मराठी माणसाला या लेखाचे एक खास कारण आहे. तीन महाराष्ट्रक आणि त्यांतली नव्याण्णव हजार गावे पुलकेशीच्या सत्तेखाली आली, असे त्यात म्हटले आहे. आपल्या प्रदेशाच्या नावाच्या जुन्या नोंदी सांगताना हा लेख टाळता येत नाही, आणि तो आहे कर्नाटकातल्या टेकडीवर.

त्याच लेखात मंगलेशाचा शेवट आहे. कीर्तिवर्मा वारला तेव्हा त्याचा मुलगा पुलकेशी लहान होता. राज्य काका मंगलेशाच्या हाती आले. त्याने ते नेभळटपणे चालवले नाही. कलचुरींचा पराभव केला, रेवतीद्वीप जिंकले. हे रेवतीद्वीप म्हणजे वेंगुर्ल्याजवळचे आजचे रेडी, असे अनेक अभ्यासक मानतात. पण पुतण्या वयात आल्यावर राज्य त्याला परत द्यायचे, ते जड झाले. गादी आपल्या मुलाला मिळावी अशी खटपट त्याने सुरू केली. काकाच्या मनातला मत्सर ओळखून पुलकेशी राज्याबाहेर पडला. बाहेर राहून त्याने बळ जमवले आणि मंगलेशाला सर्व बाजूंनी खिळखिळे केले. शेवटी, रविकीर्ती सांगतो त्याप्रमाणे, मुलाला गादी देण्याची खटपट, स्वतःचे राज्य आणि स्वतःचा प्राण, ही तिन्ही मंगलेशाने एकदमच गमावली. साधारण इ.स. 610 च्या आसपासची ही घटना.

हा जिंकणाऱ्याच्या कवीने लिहिलेला इतिहास आहे, हे ध्यानात ठेवायला हवे. मंगलेशाची बाजू सांगणारा कवी आपल्यापर्यंत पोचलेला नाही. तरी एक गोष्ट उरतेच. ज्या मुलासाठी एवढे केले, त्या मुलाचे नावही या लेखात नाही. पुतण्या घरात राहिला असता तर काकांच्या आज्ञेतला एक राजपुत्र राहिला असता. त्याला बाहेर घालवले, आणि दक्षिणेतला सर्वांत मोठा राजा तयार झाला. वातापीला कापणारा, शिजवणारा, वाढणारा जसा भाऊच होता, तसाच हा प्रकार.

हे वाचताना मराठी माणसाच्या कानात 'काका, मला वाचवा' ही हाक येणारच. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला. 'धरावे'चे 'मारावे' झाले, 'ध चा मा' केला, असे आपण परंपरेने ऐकत आलो. रघुनाथरावाला पेशवाईची वस्त्रे मिळालीसुद्धा. पण रामशास्त्र्यांनी दोष दिला, बारभाई एकत्र आले आणि नारायणरावाच्या मागे जन्मलेल्या सवाई माधवरावाला त्यांनी गादीवर बसवले. गादीसाठी रघुनाथराव इंग्रजांकडे गेला. त्या युद्धाचा शेवट 1782 च्या सालबाईच्या तहाने झाला. त्याच्या वाट्याला आली ती पेन्शन आणि गोदावरीकाठचे कोपरगाव. पुढच्याच वर्षी तो वारला. मंगलेशाला आणि राघोबाला वेगळे करणारी साडेअकराशे वर्षे आहेत, पण पंक्ती एकच.

टेकडी उतरून हे सगळे अव्वांना सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, 'काका मेला, वातापी मेला. छान झालं. पण अगस्तीच्या आधी जे जेवायला आले होते, त्यांचं काय झालं?'

हा प्रश्न त्या का विचारत होत्या, हे मला ठाऊक होते. ते इथे सांगायला हवे. आमच्या सासऱ्यांच्या निवृत्तीच्या पैशातली मोठी रक्कम अव्वांच्या नावे एका पतसंस्थेत होती. संस्थेचे, माणसांचे नाव लिहीत नाही. प्रकरण कोर्टात आहे आणि अशी नावे आपल्या जिल्ह्यात प्रत्येकाला आपापली ठाऊक आहेत. संस्थेचे अध्यक्ष मोठे गोड बोलत. आमच्याशी मराठीत, शेजारच्यांशी कन्नडमध्ये. सणाला मिठाईचा पुडा, कोणाच्या घरी कार्य असले की सर्वांत आधी हजर. ठेवी येत होत्या आणि नात्यागोत्यातल्या नावांवर कर्जे जात होती. मग त्यांना आपला एक जुना कारकून अडचणीचा वाटू लागला, कारण त्याला बरेच दिसत होते. त्याला काढायचे, तर आळ हवा. काही हजारांची तफावत त्याच्या नावावर टाकून अध्यक्षांनी स्वतः सहकार खात्याकडे चौकशीची मागणी केली. खात्याची माणसे आली, त्या काही हजारांसाठी दफ्तरे उघडली, आणि एक कपाट उघडता उघडता सगळेच कपाट उघडले गेले. कारकून सुटला. अध्यक्ष अडकले. त्यांना कोणा शत्रूने खाली ओढले नाही. चौकशीच्या अर्जावर सही त्यांचीच होती.

सगळे म्हणाले, 'देव आहे.' अव्वाही म्हणाल्या. पण ठेवीदारांपैकी एकाने मुलीचे लग्न पुढे ढकलले, एकाने शस्त्रक्रिया. एक म्हातारे गृहस्थ रोज सकाळी संस्थेच्या बंद शटरसमोर येऊन उभे राहत आणि थोड्या वेळाने परत जात. एक दिवस ते यायचे थांबले. दुष्टाचा डाव त्याच्यावर उलटला, हे खरे. पण उलटण्यापूर्वी तो अनेकांवर सुलटा चालला होता. रामायणात अशा मेलेल्या ब्राह्मणांची संख्या हजारांनी सांगितली आहे. त्यांतल्या एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. त्यांच्या घरी श्राद्धाहून परत न आलेल्या माणसाची वाट कोणी किती दिवस पाहिली, हे कोणत्याही पोथीत नाही.

म्हणून 'पापाचा घडा आपोआप भरतो' हे मला आता पुरेसे वाटत नाही. घडा भरतो, पण किती वर्षांनी आणि कोणाच्या पाण्याने? बदामीच्या तळ्याकाठी ही गोष्ट पुन्हा ऐकल्यावर तिच्यातली दुसरी बाजू दिसली. वातापीच्या युक्तीत एक जागा फार कच्ची होती. दुसऱ्याला मारायचे तर त्याला आधी स्वतः मरून, शिजून, त्या दुसऱ्याच्या पोटात जावे लागे. त्या घटकेला तो पूर्णपणे खाणाऱ्याच्या स्वाधीन असे. ही कच्ची जागा पहिल्या दिवसापासून होती. हजारो जण जेवून गेले, पण ती कोणाच्या कामी आली नाही, कारण जेवणाऱ्याला माहीत नव्हते. ज्यांना माहीत होते ते तिन्ही राजे तोंड उतरवून उभे होते. कच्ची जागा तेव्हाच कामी आली, जेव्हा सगळे जाणून एक जण पहिल्या पाटावर बसला.

प्रत्येक लबाडीत अशी एक जागा असते. खोट्या कागदावर खरी सही लागते. खोट्या आळाची चौकशी खऱ्या माणसाकडे मागावी लागते. विश्वास बुडवायचा, तर आधी कोणाच्या तरी विश्वासात उतरावे लागते. म्हणजे लबाड माणूस स्वतःला नेहमी कुणाच्या तरी हाती देतच असतो. प्रश्न एवढाच, की तो हात मिटतो की नाही.

पतसंस्थेच्या प्रकरणात आमच्या घरापुरता एक हात मिटला, तो अव्वांचा. अव्वांनी सगळ्या पावत्या बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या, तारीखवार, प्रत्येकीच्या मागे कन्नडमध्ये आकडा लिहून. ठेवीदार एकत्र येऊन जबाब द्यायचे ठरले, तेव्हा दोन माणसे घरी आली. म्हणाली, 'अव्वा, तुमची रक्कम तेवढी मोकळी करून देतो. तुम्ही कशाला या भानगडीत? सही करू नका.' पैसे अव्वांचेच होते. घेतले असते तर कोणी नाव ठेवले नसते. घरात आम्हीही गप्प होतो. खरे सांगायचे तर रक्कम मोठी होती. अव्वांनी त्यांना पाणी दिले, चहा दिला आणि विचारले, 'माझ्या एकटीचे कुठून देणार? दुसऱ्या कोणाच्या ताटातलेच ना?' दुसऱ्या दिवशी जबाबाच्या कागदावर पहिली सही त्यांची होती. त्या सहीखाली मग बाकीच्या सह्या झाल्या. पैसे अजून पुरते मिळालेले नाहीत. हप्त्याहप्त्याने थोडे आले, थोडे येतील म्हणतात. महाभारतातल्या त्या तीन राजांचा उघडा जमाखर्च मला त्या डब्यात दिसतो. ज्याचा हिशेब उघडा असतो त्याला पहिल्या पाटावर बसता येते.

संध्याकाळी बनशंकरीला परत आलो. देवळाबाहेर आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका बुट्ट्या घेऊन बसतात. ज्वारीची कडक भाकरी, झुणका, भरल्या वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि लहान मडक्यात लावलेले दही. 'बर्री, ऊटा माड्री,' म्हणून हाक मारतात. या, जेवा. आपल्या मुलखात कोणाच्या दारात गेले तरी पहिला प्रश्न हाच, जेवण झाले का. इल्वलाने तोच प्रश्न हत्यार म्हणून वापरला होता. म्हणून त्याच्यावर लोकांचा एवढा राग. राक्षस माणसे खातात, याचे या देशातल्या गोष्टींना नवल नाही. पण जेवायला बोलावून दगा करणे हे अजून, दोन-अडीच हजार वर्षांनीही, कोणी माफ केलेले नाही. अव्वांनी त्या बाईला दोनदा भाकरी मागितली, पैसे विचारले आणि तिने सांगितले तेवढे दिले. एरवी त्या भाजीवालीशी आठ आण्यांवरून भांडणाऱ्या.

बदामीला जाल तेव्हा आणखी एक गोष्ट विचारून पाहा. तळ्याच्या वरच्या कड्यावर कप्पे अरभट्ट नावाच्या माणसाचा एक लेख आहे, साधारण इ.स. 700 चा. कन्नड त्रिपदी छंदाचा हा सर्वांत जुना नमुना मानतात. कप्पे अरभट्ट राजा नव्हता बहुधा, निदान मोठा राजा नव्हता. लेखात त्याची स्तुती आहे ती अशी, की तो सज्जनांशी सज्जन होता, गोड माणसांशी गोड, आणि छळणाऱ्याला मात्र भारी पडणारा. किती लढाया, किती गावे, किती हत्ती, यातले काही नाही. एखाद्या बऱ्या शेजाऱ्याबद्दल बोलावे तेवढेच. खाली तळ्यात वातापीचे नाव बुडालेले, समोरच्या डोंगरात मंगलेशाचे दगडाचे घर, आणि वर या साध्या माणसाच्या चार ओळी. तिन्ही एका नजरेत येतात.

सकाळी लवकर जा, पाणी बरोबर घ्या, माकडांना काही देऊ नका. लेणी आधी पाहा, कारण ऊन वाढले की दगड तापतो. दुपार तळ्याकाठी काढा. मुले बरोबर असतील तर वातापीची गोष्ट तिथेच सांगा, दोन्ही डोंगर दाखवून. आणि ती ऐकून मुलांनी टाळ्या वाजवल्या, की त्यांना विचारा, अगस्तीच्या आधी जेवायला कोण कोण आले होते.